पिंपल्सचे खड्डे: ‘कॉम्बो’ उपचार ठरवण्याआधी

पिंपल्स गेले, खड्डे राहिले. क्लिनिकमध्ये दाखवून आलात आणि हातात कागद पडला: सबसिजन अधिक मायक्रोनीडलिंग अधिक पीआरपी अधिक लेझर, सहा सिटिंगचं पॅकेज, आज बुक केलंत तर सूट. आता हे सगळं घ्यायचं, अर्धं घ्यायचं की काहीच नको, ते कळेना झालंय. अशांसाठी हे लिहितोय.

मी डॉक्टर नाही. बडोद्यात दांडिया बाजाराच्या अंगाला आमचं औषधांचं दुकान आहे, आणि असे कागद काउंटरवर पसरून “काका, हे बरोबर आहे का हो?” विचारणारे बरेच येतात. उपचार सुचवणं माझं काम नाही, ते मी करतही नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. कागदावरच्या प्रत्येक ‘अधिक’वर बोट ठेवायचं आणि डॉक्टरांना विचारायचं, हे माझ्या चेहऱ्यावरच्या नेमक्या कुठल्या खड्ड्यासाठी? सरळ उत्तर आलं तर तो उपचार ठेवावा. उत्तर गोलमाल आलं तर तेवढा भाग तूर्त बाजूला. हा प्रश्न विचारता यावा आणि आलेलं उत्तर समजावं, एवढ्यासाठी खालच्या पायऱ्या.

पायरी १: खड्डा आहे की नुसता डाग?

चेहरा धुवा, क्रीम-पावडर काही लावू नका. खोलीतला वरचा दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च कानाच्या बाजूने, गालाला समांतर धरा. समोरून धरलात तर काहीच दिसणार नाही. उजेड आडवा पडला की खड्ड्याच्या एका कडेला सावली पडते. जिथे सावली पडली तिथे खड्डा. जिथे रंग वेगळा दिसतो पण सावली नाही आणि बोट फिरवल्यावर पातळी सारखीच लागते, तो डाग.

डाग दोन प्रकारचे. काळपट-तपकिरी डाग म्हणजे सूज गेल्यावर त्वचेत उरलेलं मेलॅनिन. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत हे फार लवकर उमटतं आणि हळूहळू, काही महिन्यांत किंवा वर्षभरात, फिकं होतं. लालसर-गुलाबी डाग म्हणजे त्या जागी फुगून राहिलेल्या बारीक रक्तवाहिन्या. दोन्हींना ‘स्कार’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण खड्डे भरायच्या उपचारांची यांना गरज नसते. सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए कुळातलं मलम) किंवा अझेलिक अ‍ॅसिड, फार तर सौम्य पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर सोलणं), एवढ्यात बहुतेकांचं भागतं. खड्ड्यांसाठी म्हणून आलेल्या बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर निम्म्याहून अधिक डागच असतात. त्यांनी आधी डाग फिके होऊ द्यावेत आणि मग उरलेले खड्डे पाहावेत. खर्च तिथेच कमी होतो.

पायरी २: खड्ड्याची जात

आत गेलेल्या खड्ड्यांच्या मुख्य जाती तीन, आणि डॉक्टर त्यांची इंग्रजी नावंच वापरतात, म्हणून तुम्हीही ती लक्षात ठेवा.

आइस पिक: तोंड अरुंद, २ मिलिमीटरपेक्षा कमी, पण खोली भरपूर, वरून मोठ्या रंध्रासारखा दिसतो. सगळ्यांत जास्त आढळणारी हीच जात, आणि नुसत्या लेझरला न जुमानणारीही हीच.

बॉक्सकार: तोंड रुंद, कडा सरळ उभ्या, तळ सपाट. कांजिण्यांचे व्रण असतात तसलेच. काही उथळ, काही खोल. कानशिलांवर आणि गालांवर जास्त.

रोलिंग: ४-५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, कडा अशा नाहीतच. त्वचेखाली तंतूंचे पट्टे तयार होऊन ते कातडीला आतून खाली ओढून धरतात. गादीला टाके घातले की ती जागोजागी दबते आणि मध्ये फुगते, तसा गाल दिसतो. टाका तोडल्याशिवाय गादी वर येत नाही, हे पुढे उपयोगी पडेल.

आता दोन बोटांनी गालाची कातडी हलकेच ताणा. ताणल्यावर जे जवळजवळ नाहीसे होतात ते रोलिंग किंवा उथळ बॉक्सकार. ताणूनही जे जागचे हलत नाहीत ते खोल. डॉक्टरही हेच करून बघतात. गुडमन आणि बॅरन यांनी २००६ साली दिलेली चार श्रेणींची पद्धत बरीच वापरली जाते: पहिल्या श्रेणीत फक्त रंगातला फरक, दुसरीत खड्डे आहेत, पण ५० सेंटिमीटरवरून सहज दिसत नाहीत, तिसरीत तेवढ्या अंतरावरून दिसतात, पण ताणल्यावर सपाट होतात, चौथीत ताणूनही सपाट होत नाहीत. आपली श्रेणी कोणती ते डॉक्टरांना विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सहा महिन्यांनी तुलना करायला काहीतरी हाताशी हवं.

जबड्याची कड, छाती, खांदे इथले व्रण उलट वर उचललेले, कडक असतील तर ते हायपरट्रॉफिक किंवा केलॉइड. त्यांचा रस्ताच वेगळा: व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन, सिलिकॉन जेल वगैरे. तुमच्या अंगावर कुठेही, अगदी कान टोचलेल्या जागीसुद्धा, केलॉइड झालेलं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. सुई किंवा लेझर चालवायचा निर्णय त्यावर बदलू शकतो.

पायरी ३: चालू पिंपल्स आधी थांबवा

नवे पिंपल्स येतायत आणि जुने खड्डे भरतोय, याला अर्थ नाही. त्यातून सुजलेल्या पिंपल्सवरून उपचारातला सुयांचा रोलर फिरला तर जंतू पसरतात. साधारण तीन-चार महिने पिंपल्स काबूत राहिले की खड्ड्यांकडे वळा. अ‍ॅडापलिन, बेन्झॉइल पेरॉक्साइड, लागलं तर पोटातली औषधं, हे डॉक्टर ठरवतील. अ‍ॅडापलिनसारखी रेटिनॉइड मलमं नवे खड्डे पडण्याचं प्रमाणही कमी करतात, त्यामुळे हा काळ फुकट जात नाही.

आयसोट्रेटिनोइन (पिंपल्सची पोटातली गोळी) चालू असेल किंवा नुकतंच संपलं असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. पूर्वी ते बंद करून सहा महिने थांबल्याशिवाय चेहऱ्याला हात लावत नसत. अलीकडच्या तज्ज्ञगटांच्या मते मायक्रोनीडलिंग, वरवरचे पील आणि सौम्य फ्रॅक्शनल लेझरसाठी (ही काय ते पायरी ४ मध्ये) एवढं थांबण्याला फारसा आधार नाही; पूर्ण थर काढणाऱ्या लेझरसाठी आणि डर्माब्रेजनसाठी (यंत्राने कातडी घासून काढणं) मात्र थांबायचंच. म्हणून एका डॉक्टरांनी “थांबा” आणि दुसऱ्यांनी “चालेल” म्हटलं तर दोघांपैकी कुणी फसवतंय असं नसतं. ते कुठल्या उपचाराबद्दल बोलतायत ते बघा. आणि हे औषध चालू असताना व बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायचीच, गर्भाला त्याने गंभीर व्यंग येतं. हे चिठ्ठीवर असतं, पण वाचत कुणी नाही.

इथे दुकानदार म्हणून थोडं कडक बोलतो. “ते गोरं करणारं ट्यूब द्या, डागांवर चांगलं आहे” म्हणत येणारे रोज असतात. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली ट्यूब ही. तिच्यातलं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. महिनोन्महिने मनाने लावलं तर कातडी पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसू लागतात आणि नवे पिंपल्स फुटतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नव्हे. असं काही लावत असाल तर लपवू नका. पातळ झालेल्या कातडीवर लेझर मारणं म्हणजे नसती आफत.

पायरी ४: कुठला उपचार काय करतो

कामं मुळात चारच: खालचा पट्टा तोडणं, एकेका खोल खड्ड्याचा समाचार घेणं, संपूर्ण कातडीत नवं कोलेजन (कातडीला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार करवणं, आणि उरलेली पोकळी भरणं. कागदावरचं प्रत्येक नाव यांपैकी कशात तरी बसतं.

पट्टे तोडणं म्हणजे सबसिजन. ऑरेंट्राइक या त्वचातज्ज्ञांनी १९९५ मध्ये हे नाव दिलं. भूल देऊन सुई किंवा बोथट टोकाची नळी (कॅन्युला) कातडीखाली सरकवतात आणि पंख्यासारखी इकडून तिकडे फिरवत रोलिंग खड्ड्याखालचे तंतू सोडवतात. तंतू तुटताना करकर असा आवाज येतो, रुग्णाला तो ऐकू येतो आणि बिचारा दचकतो. घाबरायचं कारण नाही. काळं-निळं पडणं आठवडा-दोन आठवडे राहतं, क्वचित रक्त साठून गाठ होते आणि ती जिरायला वेळ लागतो. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, आणि त्या आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी सुरू केल्या त्या डॉक्टरांना विचारूनच. रोलिंग खड्डे भरपूर असलेल्या चेहऱ्याला सबसिजन वगळून नुसतं लेझर सुचवलं असेल तर मी तरी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईन.

खोल खड्ड्यांसाठी टीसीए क्रॉस. कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये ही पद्धत मांडली. तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, त्या अभ्यासात ६५ आणि १०० टक्के, टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवायचं. काही सेकंदांत तो ठिपका पांढरा होतो, पुढच्या काही दिवसांत खपली धरते आणि पडते, आणि तळातून नवं कोलेजन भरू लागतं. तीन ते सहा वेळा, महिन्याच्या अंतराने. आइस पिकसाठी स्वस्त आणि चांगला उपाय, पण हात स्थिर हवा: अ‍ॅसिड कडेला सांडलं तर खड्डा रुंद होतो, आणि सावळ्या कातडीवर काळं किंवा पांढरं कडं राहू शकतं. हे अ‍ॅसिड ऑनलाइन मिळतं म्हणून घरी करून बघणारे महाभाग आहेत. नका करू.

मोजकेच मोठे, खोल खड्डे असतील तर पंच: गोल पात्याने खड्डा काढून टाका घालतात, किंवा बॉक्सकारचा तळ नुसता वर उचलून बसवतात. जुनी पद्धत, फॅशन नाही, म्हणून जाहिरातीत दिसत नाही. चार हट्टी खड्ड्यांसाठी मात्र कधी कधी हीच सगळ्यांत सरळ.

आता तिसरं काम, ज्यात सगळा घोळ होतो. मायक्रोनीडलिंग, म्हणजे डर्मारोलर किंवा डर्मापेन, बारीक सुयांनी कातडीला हजारो भोकं पाडतं, आणि ती भरून येताना कोलेजन तयार होतं. लाली दोन-तीन दिवस, काळं पडण्याचा धोका कमी, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा. एमएनआरएफमध्ये (मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रीक्वेन्सी) त्याच सुयांच्या टोकाशी रेडिओ लहरींची उष्णता सोडतात. उष्णता खोलवर जाते आणि वरचा थर बराचसा वाचतो, म्हणून आपल्या कातडीला हे मानवतं. फ्रॅक्शनल लेझरमध्ये प्रकाशाने सूक्ष्म उभे स्तंभ जाळतात आणि मधली कातडी तशीच ठेवतात. ही कल्पना २००४ ची. कार्बन डायऑक्साइड लेझर, १०,६०० नॅनोमीटरचं, यातलं जोरदार. त्याने पाच-सात दिवस बारीक तपकिरी खपल्या राहतात आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर नंतर काळपटपणा येण्याचा धोका खराच असतो; म्हणून डॉक्टर मारा कमी घनतेचा ठेवतात. अर्बियम-याग आणि १५४०-१५५० नॅनोमीटरची लेझरं त्यापेक्षा मवाळ.

तिन्ही यंत्रं वेगळी, किंमत वेगळी, पण काम एकच: वरून सूक्ष्म इजा करून कोलेजन उगवायला लावणं. म्हणून ‘मायक्रोनीडलिंग अधिक एमएनआरएफ अधिक लेझर’ हा कॉम्बो दिसायला भारी असला तरी त्यात पट्टे तोडणारं कुणी नाही आणि खोल खड्ड्याकडे बघणारंही कुणी नाही. काही अनुभवी डॉक्टर विचार करून यांतले दोन, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या खोलीसाठी वापरतात. तसं असेल तर कारण ते दोन वाक्यांत सांगतील.

पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातलं प्लेटलेटयुक्त द्रव्य. साधारण १०-२० मिलिलिटर रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि नीडलिंगनंतर चेहऱ्यावर लावतात किंवा टोचतात. नीडलिंगला त्याची थोडी जोड मिळते, लाली लवकर उतरते, असं बरेच अभ्यास म्हणतात. एकट्याने ते खड्डे भरत नाही. बजेट आखूड असेल तर कापायची पहिली ओळ माझ्या मते हीच.

फिलर, म्हणजे हायल्युरोनिक अ‍ॅसिड, सबसिजननंतर उरलेल्या रुंद खळग्यात भरतात. परिणाम लगेच दिसतो, पण सहा महिने ते दीड वर्षात विरतो. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, म्हणून हे पार्लरमध्ये करून घेण्याचं काम नव्हेच.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात खड्ड्यांवरच्या २४ चाचण्या तपासल्या आणि कुठल्याही एका उपचाराला पहिला नंबर द्यावा इतका पक्का पुरावा सापडला नाही. “आमचं मशीन सगळ्यांत बेस्ट” हे वाक्य कुठल्याही क्लिनिकमध्ये ऐकलंत तर हे आठवा.

पायरी ५: कागद वाचणं

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी आईला घेऊन दुकानात आली, बँकेत नवी लागलेली. कागदावर होतं: चार लेझर, चार पीआरपी, दोन ‘ग्लो पील’. मी तिला बाहेर ओट्यावर उजेडात उभं केलं आणि टॉर्च आडवा धरला. दोन्ही गालांवर लाटांसारखे रुंद खळगे, नाकाजवळ सात-आठ आइस पिक, बाकी हनुवटीवर नुसते डाग. आई म्हणाली, “भाऊ, लेझरने सगळं जाईल म्हणालेत.” मी म्हटलं, “ताई, फक्त एवढं विचारून या, की हे गालावरचे खळगे कशाने सुटणार आणि नाकाजवळच्या भोकांसाठी यात काय आहे.” दुसऱ्या एका त्वचातज्ज्ञांकडे तिला नवा कागद मिळाला: गालांना सबसिजन आणि त्याच दिवशी मायक्रोनीडलिंग, नाकाजवळ टीसीए क्रॉस, डागांना रात्री अ‍ॅडापलिन आणि दिवसा सनस्क्रीन. लेझरचं नंतर बघू, असं खाली लिहिलेलं. पहिल्या कागदावर दहा सिटिंगं होती, दुसऱ्यावर मोजक्याच ओळी, आणि त्यातल्या प्रत्येक उपचाराला चेहऱ्यावर जागा होती.

पैशांचं बोलताना एका सिटिंगचा भाव विचारू नका, पूर्ण हिशोब विचारा: भुलीचं क्रीम, पीआरपीची किट, कर, नंतरच्या भेटी, आणि काळे डाग पडले तर त्यांचा उपचार यात आहे की वेगळा. शक्यतो सिटिंगगणिक पैसे द्या. दोन सिटिंगनंतर डॉक्टरांना योजना बदलावीशी वाटली तर आगाऊ भरलेलं पॅकेज त्यांचेही हात बांधतं. आरोग्यविमा सौंदर्योपचाराला सहसा लागू होत नाही. हात आखडता असेल तर सयाजी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत आधी दाखवा; बडोदा मेडिकल कॉलेजचंच ते रुग्णालय. रांग असते, पण निदान नीट होतं आणि समोरच्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

पायरी ६: क्रम आणि बडोद्याचं कॅलेंडर

साधारण क्रम असा: पिंपल्स बंद, डाग फिके, मग पट्टे सोडवणं, त्याबरोबर किंवा लगेच नंतर टीसीए क्रॉस, मग कोलेजनवाला एक उपचार काही महिने, आणि शेवटी उरलेल्याला फिलर किंवा पंच. सबसिजन आणि नीडलिंग एकाच दिवशी पुष्कळदा करतात, त्याने काळं-निळं पडण्याचे दिवस एकदाच भोगावे लागतात. जोरदार लेझर मात्र स्वतंत्र ठेवलेलं बरं, निदान पहिल्या वेळी.

तारखा ठरवताना आपल्या गावाचे सण समोर ठेवा. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, सकाळपासून अंधार पडेपर्यंत आपण अगाशीवर (गच्चीवर) पतंग उडवत, मान वर, तोंड उन्हात. त्याआधीच्या चार-पाच आठवड्यांत लेझर करून घेतलंत तर काळपट डाग हमखास ओढवून घ्याल. तसंच धुळेटीच्या (होळीनंतरच्या धुळवडीच्या) रंगाआधी तीन-चार आठवडे चेहऱ्यावर काही ताजं नको. नवरात्रात नऊ रात्री घाम आणि मेकअप. त्याच्या आधीच्या आठवड्यात सबसिजन केलंत तर निळ्या गालांनी गरबा खेळायची तयारी ठेवा. एप्रिल ते जून तर सोडाच.

मग उरतं काय? माझ्या मते सबसिजन, टीसीए क्रॉस आणि नीडलिंगची सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये, गणपतीच्या अंदाजाने, नवरात्र-दिवाळीत विसावा, आणि लेझर किंवा एमएनआरएफ लागणारच असेल तर उत्तरायण झाल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, धुळेटीला पुरेसं अंतर ठेवून. पावसाळ्यात ढग असले तरी अतिनील किरणं येतात, सनस्क्रीन सुटत नाही. घरात लग्न असेल तर शेवटचं सिटिंग किमान दोन महिने आधी संपवा. “लग्नाला तीन आठवडे आहेत, काहीतरी करा” म्हणणाऱ्यांना चांगला डॉक्टर मेकअप सुचवतो, आणि ते बरोबरच आहे.

पायरी ७: डॉक्टर आणि पहिली भेट

त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका आहे का, गुजरात मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक लावला आहे का, ते बघा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच लिहिलं असेल तर मूळ पदवी विचारा, त्यात लाजायचं काही नाही. सुई प्रत्यक्ष कोण चालवणार, डॉक्टर की सहायक, हेही विचारा.

न विचारता सांगायच्या गोष्टी: ओठावर वारंवार हर्पिसचे बारीक फोड येतात का (आधी व्हायरसविरोधी गोळी द्यावी लागते), कोड किंवा सोरायसिस आहे का (इजा झालेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात), मधुमेह, गरोदरपण, स्तनपान, चालू औषधं.

रोलर किंवा सुयांची टीप बंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडायला लावा. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पामध्ये रक्तातल्या प्लेटलेटसह नीडलिंग करून घेतलेल्या काही बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ मध्ये उघड होऊ लागलं आणि तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये त्याचा अहवाल दिला. सुई एकाची एकालाच. यावर घासाघीस नाही. पीआरपीच्या नळीवरही तुमचं नाव तुमच्यासमोर लिहिलं जाऊ दे.

फोटो काढून घ्या: एकाच जागी, एकाच आडव्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, तुमच्या स्वतःच्या मोबाइलमध्येही. लेझर असेल तर कानासमोर किंवा जबड्याखाली छोट्या जागी आधी चाचणी मारून महिनाभर बघायची विनंती करा.

भुलीच्या क्रीमबद्दल एक. “घरूनच जाड थर लावून या” असं कुणी सांगितलं तर नको. लिग्नोकेनचं क्रीम प्लास्टिकखाली फार मोठ्या भागावर, फार वेळ राहिलं तर रक्तात उतरतं आणि चक्कर, झटके, हृदयाची लय बिघडणं इथपर्यंत जाऊ शकतं. क्लिनिकमध्ये, त्यांच्या मापाने, त्यांच्या नजरेखाली.

पायरी ८: नंतरची काळजी

पहिले दोन दिवस साधं पाणी, सौम्य फेसवॉश, डॉक्टरांनी दिलेलं मलम. वाफ, जिम, पोहणं बंद. खपली नखाने काढायची नाही; पिंपल फोडायची सवय असलेल्यांना हे सगळ्यांत अवघड जातं. रेटिनॉइड आणि व्हिटॅमिन सी डॉक्टर सांगतील तेव्हाच परत सुरू.

सनस्क्रीन निदान एसपीएफ ३०, चेहरा-मानेला दोन बोटांभर, दर दोन-तीन तासांनी. डाग पडायची प्रवृत्ती असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं घ्या. आपल्या कातडीला नुसता दिसणारा प्रकाशही काळं करतो आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

दुचाकीवर आपल्या मुली ओढणीची बुकानी बांधतात. उन्हासाठी चांगली, पण ताज्या चेहऱ्यावर तिचं घर्षण वाईट. आठवडाभर मऊ सुती, रोज धुतलेली, सैल बांधा. हेल्मेटचा पट्टा जबड्याच्या कडेला कुठे घासतो तेही बघा. सबसिजन तिथे झालं असेल तर चार दिवस रिक्षाने जा.

ताबडतोब फोन करायची लक्षणं: वाढत जाणारं दुखणं, पू, ताप, एकसारख्या बारीक फोडांचा पुंजका, आणि फिलरनंतर कातडी पांढरी किंवा जाळीदार जांभळी पडणं. शेवटच्या लक्षणाला तासांचाही उशीर नको.

किती भरेल, आणि कधी थांबायचं

कोलेजन सावकाश तयार होतं. खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांत दिसतो. पहिल्या आठवड्यात गाल भरलेले वाटतात ती बहुतेक सूज असते, आणि ती उतरली की “गेलं सगळं, पैसे बुडाले” म्हणत लोक क्लिनिक बदलतात, नव्याने पॅकेज घेतात. तसं करू नका. खड्डे पूर्ण सपाट होत नाहीत. निम्म्याहून थोडे अधिक भरले तरी डॉक्टर तो चांगला निकाल मानतात.

तीन सिटिंगनंतर जुने फोटो त्याच उजेडात शेजारी ठेवा. फरक दिसतोय तर चालू ठेवा. दिसत नसेल तर त्याच उपचाराचं चौथं सिटिंग घेण्याआधी डॉक्टरांसोबत बसून पुन्हा टॉर्च आडवा धरा: पट्टा नीट सुटला नाही, की खड्ड्याची जातच वेगळी होती? सबसिजन पुन्हा करावं लागणं नेहमीचं आहे. सहा महिन्यांनी जे चार-दोन खड्डे उरतील त्यांना पंच किंवा क्रॉस, आणि ५० सेंटिमीटरवरून काही दिसत नसेल तर पुढचं सिटिंग रद्द करा, आणि पैसे आगाऊ भरले असतील तर परत मागा.